फ्रिजच्या पाठीला वारा हवा

2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात सलग 31 दिवस पारा 43 अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. अशा हवेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन ॲरिझोनात फिरायला निघालं की पहिली अडचण फ्रिजची येते. दूध नासतं, रात्री लावलेलं दही दुपारपर्यंत पार आंबून जातं. पहिल्या सहलीत आम्हीही फ्रिजचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं आणि वाट पाहत बसलो. फरक पडला नाही. मग बाहेर जाऊन ट्रेलरच्या भिंतीतली फ्रिजमागची जाळी उघडली, आत हात घातला आणि चटका बसला. दुखणं तिथे होतं.

बऱ्याच ट्रेलरमधला फ्रिज घरातल्यासारखा नसतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो, हलणारा एकही भाग नसतो. तो चालतो प्रोपेन गॅसच्या छोट्या ज्योतीवर किंवा विजेच्या हीटरवर. आगीने गारवा करायची ही युक्ती स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांची: बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स. 1922 साली त्यांनी ती शोधली, 1925 मध्ये इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने ती विकत घेतली. मला हे यंत्र फार सुंदर वाटतं, म्हणून त्याची फेरी नीट सांगतो.

नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. ज्योत पाण्यात विरघळलेल्या अमोनियाला तापवते. अमोनियाची वाफ वर चढते आणि फ्रिजच्या पाठीवर, सर्वांत वरच्या पत्र्यांच्या नळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होते. हा द्रव आतल्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो. पाणी उकळायला 100 अंश लागतात, पण कोरड्या वाऱ्यात ओले कपडे सावलीतही वाळतात. तसाच अमोनिया हायड्रोजनमध्ये भराभर ‘वाळतो’ आणि वाळताना अन्नातली उष्णता ओढून घेतो. मग ही वाफ खालच्या वेटोळ्यात जाते. तिथलं पाणी तिला पुन्हा शोषतं, मोकळा झालेला हलका हायड्रोजन वर परततो आणि फेरी नव्याने सुरू होते.

आता बाहेर 43 अंश आहेत असं धरा. कंडेन्सरच्या मागची हवा त्याहूनही तापलेली. वाफेला द्रव व्हायला उष्णता टाकायची आहे, पण घेणारं कोणी नाही. खालच्या वेटोळ्यातही तेच. कोमट सोडावॉटरमधला वायू कसा लगेच निघून जातो? गरम पाण्यात वायू कमी मुरतो, आणि गरम पाणी अमोनियाही कमी शोषतं. म्हणजे एकाच उन्हाने दोन ठिकाणी मार बसतो. शिवाय अन्नातून एक भाग उष्णता काढायला ज्योतीची साधारण तीन-चार भाग उष्णता खर्ची पडते, आणि ती सगळी या पाठीवरूनच बाहेर जायची असते.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च पंख्यांवर करावा. खालच्या जाळीतून हवा आत यावी, पत्र्यांमधून वर जावी आणि वरच्या जाळीतून बाहेर पडावी, अशी धुराड्यासारखी वाट हवी. कंडेन्सर आणि ट्रेलरची भिंत यांत वीतभर पोकळी असेल तर हवा पत्रे टाळून तिथूनच निसटते. ती पोकळी पातळ पत्र्याची आडभिंत घालून बोटभर करायची. वरची जाळी छतावर नसून भिंतीतच असेल, तर गरम हवा माथ्याशी कोंडते. तिथे ही आडभिंत जास्तच उपयोगी. मग कंडेन्सरखाली 12 व्होल्टचे, संगणकात असतात तसे, दोन पंखे वर फुंकतील असे बसवायचे. त्यांचा वारा ज्योतीवर मात्र येता कामा नये, आणि ऊन अडवायला म्हणून जाळ्या कधीही झाकू नयेत. ज्योतीलाही हवा लागते.

ट्रेलर उभा करताना जाळ्यांची बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवावी, म्हणजे दुपारी तिच्यावर सावली येते. आणि जमीन समतल हवी, हे फार महत्त्वाचं. इथे द्रव केवळ उतारावर वाहतो. ट्रेलर तिरपा उभा राहिला की तो भलतीकडे साचतो, ज्योतीवरची नळी कोरडी तापते आणि यंत्र कायमचं निकामी होऊ शकतं. मागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर फ्रिज लगेच बंद करून बाहेर पडावं.

आतली कामं सोपी. फ्रिज निघायच्या आदल्या दिवशीच सुरू करावा आणि सामान घरच्या फ्रिजमध्ये गार करून भरावं. पाच लिटर पाणी 40 अंशांवरून 4 अंशांवर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्यात सव्वादोन किलो बर्फ वितळतो. बिचाऱ्या छोट्या ज्योतीवर हा बोजा भर दुपारी टाकू नये. पाण्याच्या बाटल्या रात्री ठेवाव्यात. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून पाहावी, सहज सुटली तर रबर सैल झालंय. आतल्या पत्र्यांवरचा बर्फ काढावा, फळ्या गच्च भरू नयेत. एक छोटा पंखा आतही ठेवला तर गारवा सगळीकडे पोचतो.

पहाटे, पहिल्यांदा दार उघडताना, आत ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यातला थर्मामीटर पाहायचा. तो 4 अंशांच्या आसपास असेल, तर दूध चहाला घ्यायला हरकत नाही.