डेझर्ट इनटेक आणि वॉटर स्नॉर्कल: बाहेरून सारखे, आतून वेगळे

पिकअपच्या फेंडरमधून (चाकावरच्या पत्र्यातून) निघून ए-पिलरला, म्हणजे विंडशील्डशेजारच्या खांबाला, चिकटत छतापर्यंत गेलेला काळा पाइप दिसला की सगळेच त्याला स्नॉर्कल म्हणतात. पण त्या एकाच रूपात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक इनटेकचं, म्हणजे इंजिन जिथून हवा घेतं त्या वाटेचं, तोंड धुळीच्या वर नेते, बस. दुसरी तोंड वर नेतेच, शिवाय तिथपासून फिल्टरपर्यंतची सगळी वाट पाण्यासाठी बंद करते. पहिली बसवायची आणि दुसरीच्या भरवशावर गाडी पाण्यात घालायची, यात इंजिन जातं. उभ्या गाडीकडे पाहून दोन्हींतला फरक कळत नाही, त्यासाठी बॉनेट उघडावं लागतं.

टोयोटाने 2019 च्या टॅकोमा टीआरडी प्रोला असा पाइप कंपनीतूनच दिला आणि त्याला ‘डेझर्ट एअर इनटेक’ म्हटलं. चाकाच्या कमानीजवळची धूळभरी हवा सोडून विंडशील्डच्या उंचीवरची स्वच्छ हवा घ्यायची, हे त्याचं काम. बाजारात मिळणाऱ्या अनेक किटवर मात्र सरसकट ‘स्नॉर्कल’ लिहिलेलं असतं, आणि घोळ तिथून सुरू होतो.

फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे

हवेच्या वाटेचे दोन भाग करा. तोंडापासून फिल्टरपर्यंतची डर्टी साइड, आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतची क्लीन साइड. कंपनी क्लीन साइड काळजीने सील करते, कारण तिथे बारीकशी फट राहिली तरी न गाळलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर जाते. डर्टी साइड सील करायचं कंपनीला कारणच नसतं. उलट एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर ठेवलेल्या डब्याच्या, तळाला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, आत आलेलं पावसाचं पाणी आणि कचरा गळून जावा म्हणून. हवेचा आवाज कमी करणाऱ्या रेझोनेटरची डबी नुसती दाबून बसवलेली असते, एअरबॉक्सच्या झाकणाला फिल्टरच्या रबरी कडेपलीकडे काही नसतं.

धुळीसाठी हे चालतं. डर्टी साइडला थोडी गळती असेल तर थोडी जास्त धूळ आत येईल, फिल्टर ती अडवेल, फिल्टर जरा लवकर बदलावा लागेल. पाण्याचा हिशोब वेगळा आहे. कागदी फिल्टर पाणी अडवत नाही. तो भिजतो, मऊ पडतो, इंजिनच्या ओढीने आत खचतो आणि मग पाण्याला मोकळी वाट मिळते. इंजिनची ओढही थोडीथोडकी नसते: 2.8 लिटरचं डिझेल इंजिन 3,000 आरपीएमला, टर्बोची भर न धरताही, मिनिटाला 4,000 लिटरच्या वर हवा खेचतं. एअरबॉक्स पाण्याखाली असेल, तर छताजवळच्या तोंडातून हवा येईल आणि तळाच्या भोकातून पाणी.

म्हणून स्नॉर्कलची खरी उंची पाइपच्या तोंडाशी मोजायची नसते. डर्टी साइडवर जिथे सर्वांत खाली फट आहे, तीच त्याची उंची.

किती पाणी पुरेसं होतं, हेही पाहा. हायलक्सच्या 2.8 डिझेलची क्षमता 2,755 सीसी, म्हणजे एका सिलिंडरला साधारण 689 सीसी, आणि कॉम्प्रेशन रेशो 15.6. पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर उरते ती जागा सुमारे 47 मिलिलिटर. तीन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये जमलं की पिस्टन वर येता येता अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. रॉड किंचितच वाकला तर इंजिन पुन्हा सुरूही होतं, चालतंही, आणि नंतर कधीतरी रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतं.

बसवताना काम कुठे बदलतं

फेंडर कापण्याचं काम दोन्हींत सारखंच. मास्किंग टेप लावा, त्यावर टेम्प्लेट चिकटवा, आणि कापण्याआधी पाइप प्रत्यक्ष धरून पाहा. छापील टेम्प्लेट काही मिलिमीटर सरकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. आधी 3 मिमीचं पायलट भोक, मग होल सॉ. एअरबॉक्स काढून ठेवा, नाहीतर लोखंडाचा चुरा त्यात पडतो. चुरा चुंबकाने आणि व्हॅक्यूमने टिपून काढा, फेंडरच्या पोकळीत राहिलेला प्रत्येक कण गंजाचा ठिपका होतो. कापलेली कड कानसीने घासा, झिंक प्रायमर आणि वर रंग द्या, आणि तो पूर्ण वाळू द्या. ए-पिलरला ड्रिल करताना बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. अनेक गाड्यांत कर्टन एअरबॅग आणि तिची वायरिंग त्याच पिलरमधून जाते. पाइपमधले पितळी इन्सर्ट प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात, नट जोर लावून आवळला की इन्सर्ट जागीच फिरतो आणि मग तो ना आवळता येतो ना काढता.

डेझर्ट इनटेकचं काम इथे जवळपास संपतं. फेंडरच्या आतला रबरी एल्बो (वाकडी जोडनळी) एअरबॉक्सच्या तोंडावर चढवायचा, क्लॅम्प लावायचा, झालं.

वॉटर स्नॉर्कलचं खरं काम इथून सुरू होतं. एल्बो दोन्ही टोकांना पूर्ण बसला आहे का, हे बोट आत घालून चाचपा. बाहेरून क्लॅम्प घट्ट दिसतो आणि आत रबराची कड दुमडलेली असते, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. रेझोनेटर काढला असेल तर त्याची जागा प्लगने बंद करा. एअरबॉक्सचे सांधे आणि अर्धवट बसणारे जोड सिलिकॉनने भरा, पण न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन धातू गंजवतं. क्लीन साइडच्या आत सिलिकॉनचा लोंबता थेंब राहू देऊ नका, सुटला की थेट हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर किंवा टर्बोत जातो.

तळाच्या भोकाचं काय करायचं, यावर लोक अडतात. कायमचं बुजवलं तर स्नॉर्कलच्या तोंडातून आलेलं पावसाचं पाणी एअरबॉक्समध्ये साचतं. रॅम हेडच्या, म्हणजे पाइपच्या वरच्या पुढे तोंड असलेल्या टोपणाच्या, मागे पाणी निथळायला फटी असतात, पण मुसळधार पावसात थोडं पाणी आत येतंच. उघडं ठेवलं तर नदीत बुडालात. तिथे हवा तो डकबिल व्हॉल्व्ह, बदकाच्या चोचीसारखे दोन रबरी ओठ असलेला. आतून पाणी येतं तेव्हा ओठ उघडतात, इंजिन हवा ओढतं तेव्हा मिटतात. हा व्हॉल्व्ह आधीपासून असेल तर चिमटीत धरून ओठ उघडून पाहा: मधे चिखलाचा वाळलेला पापुद्रा असेल, किंवा रबर कडक होऊन ओठांत उजेड दिसत असेल, तर नवा घाला.

तपासणी

दोन्हींतला फरक शेवटी इथेच सिद्ध होतो. अंधारात गाडी उभी करा, एअरबॉक्समध्ये छोटा एलईडी दिवा पेटवून ठेवा, झाकण लावा आणि चारही बाजूंनी पाहा. झाकणाच्या कडेला, एल्बोच्या जोडाला, व्हॉल्व्हपाशी उजेडाची रेघ दिसली तर तिथून पाणी जाणार. त्यानंतर दिवा आठवणीने काढा, इंजिन आयडलवर ठेवा आणि वरचं तोंड रबर लावलेल्या सपाट फळीने झाका. फळीऐवजी हात लावू नका. सील नीट असेल तर इंजिन धापा टाकून काही सेकंदांत बंद पडतं. ते आरामात चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे. एल्बो आत चेपताना दिसला तर फळी लगेच काढा, तो रबर फारच पातळ आहे. फट सापडत नसेल तर वर्कशॉपमध्ये स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

ही तपासणी एकदा करून भागत नाही. फिल्टर बदलायला झाकण उघडलं की सील मोडलं असंच धरा.

धुळीत कोण बरं

धुळीत डेझर्ट इनटेक आणि वॉटर स्नॉर्कल सारखेच उपयोगी, तिथे तोंडाचा आकार महत्त्वाचा. एकट्या गाडीला पुढे तोंड असलेलं रॅम हेड चांगलं. ताफ्यात पुढच्या गाडीची धूळ छताच्याही वर चढते, तेव्हा हेड मागे फिरवा किंवा धूळ गरगर फिरवून बाहेर टाकणारा सायक्लोनिक प्री-क्लीनर लावा.

पाण्याची मर्यादा तीच राहते

पूर्ण सील केलेला स्नॉर्कलसुद्धा गाडीची वेडिंग डेप्थ, म्हणजे कंपनीने सांगितलेली पाण्यातून जाण्याची खोली, वाढवत नाही. हायलक्सची 700 मिमी, फोर्ड रेंजरची 800 मिमी, ती तशीच राहते, कारण अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि डिफरेन्शियल कुठे वर गेलेले नसतात. डिफरेन्शियल 80 अंशांवर तापलेलं असताना 25 अंशांच्या पाण्यात गेलं की आतल्या हवेचा दाब साधारण सहाव्या भागाने घटतो, आणि ब्रीदर (आतली हवा ये-जा करू देणारं भोक) पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ झालं की हे कळतं. स्नॉर्कल लावता त्याच दिवशी दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर नळी लावून बॉनेटच्या उंचीवर आणा. मागच्या ॲक्सलच्या नळीला सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबेल इतकी ढील ठेवा.

पाण्यात इंजिन बंद पडलंच, तर स्टार्टर मारू नका. गाडी ओढून काढा, एअरबॉक्स उघडा, फिल्टर ओला आहे का ते पाहा. ओला असेल तर ग्लो प्लग काढून क्रँक हाताने फिरवा आणि भोकांतून काय बाहेर येतं ते बघा.