लाइन : जवसाच्या धाग्यापासून रात्रीच्या थ्री फेजपर्यंत

गावाकडच्या घराचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. गवंडी हाताखालच्या पोराला ओरडत होता, "लाइन ताणून धर की रे", म्हणजे विटांचा थर सरळ यावा म्हणून लावलेली दोरी, आणि तेवढ्यात वायरमनने खालून विचारलं, "लाइन आहे का गेली?" म्हणजे करंट. शेजारचे काका कट्ट्यावर बसून मला विचारत होते, "सध्या कुठल्या लाइनला आहेस?" म्हणजे धंदा काय, नोकरी काय. पाच मिनिटांत एकच शब्द तीनदा ऐकला, तिन्ही वेळा अर्थ वेगळा आणि कुणाचंच काही अडलं नाही. तेव्हापासून या शब्दाने मला धरलंय.

तर याचं मूळ शेतात आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, आपली अळशी. आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी नाहीतर तेल, पण या झाडाच्या खोडातून चिवट तंतू निघतात आणि त्याचाच धागा म्हणजे लिनन, इजिप्तच्या ममी याच कापडात गुंडाळलेल्या आहेत. या धाग्याची दोरी ती लिनिया, आणि तिचीच पुढे लाइन झाली. एकदा हे कळलं की बाकीची भावंडं आपोआप ओळखू यायला लागतात, कोटाला आतून लिननचं कापड लावायचे म्हणून लायनिंग, जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम, आणि चित्रकारांचं लिनसीड ऑइल तर सरळसरळ जवसाचं तेलच.

म्हणजे लाइनचा पहिला अर्थ रेघ नव्हेच, दोरी! रेघ नंतर आली. ताणलेली दोरी सरळ असते, सुतार गेरूत बुडवलेला दोरा लाकडावर ताणून सोडतो आणि खाली रेघ उमटते, बस्स, दोरी उचलली आणि रेघ मागे राहिली. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी आला, जुन्या इंग्रजीत दोरी या अर्थाने तो आधीपासून होताच आणि १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांची सत्ता आली, फ्रेंच भाषा दरबारात शिरली, तिथून रेघ, ओळ, वंश असले अर्थ घेऊन दुसऱ्यांदा आला. दोघं एकमेकांत असे मिसळले की आता वेगळे करता येत नाहीत. मासे धरायची, कपडे वाळत घालायची लाइन ही अजून दोरीच आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमधल्या एका स्तोत्रात 'माझ्या लाइन्स चांगल्या जागी पडल्या' अशा अर्थाची ओळ आहे, तिथेही लाइन म्हणजे जमीन मोजायची दोरी, वाट्याला चांगली जमीन आली असं म्हणायचंय. जहाजाचा वेग मोजायला खलाशी लाकडाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात टाकायचे आणि ठराविक वेळात हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचे, त्या लॉग लाइनवरच्या गाठी म्हणजेच आजचे नॉट.

मराठीत आपल्याकडे रेघ वेगळी, ओळ वेगळी, रांग वेगळी. वहीत रेघ, कवितेची ओळ, रेशनची रांग. इंग्रजीने हे सगळं एकाच शब्दावर लादलं आणि आपण तो शब्द घेताना लादलेल्या सामानासकट घेतला, वर त्याला स्त्रीलिंगी करून लाइनीत, लाइनीला असं घरच्यासारखं चालवलं. मला तरी यात मराठीचं काही बिघडलेलं दिसत नाही.

आला कुठून म्हणाल तर बऱ्याच अंशी पलटण आणि रेल्वे. सैन्याचे तंबू, बराकी ओळीने असायच्या त्यांना लाइन्स म्हणायचे, म्हणून नागपुरात सिव्हिल लाइन्स, गावोगाव पोलीस लाइन, आणि मुंबईत मरीन लाइन्स. मला कित्येक वर्षं वाटायचं की समुद्राकडेने लोकलची लाइन जाते म्हणून ते नाव, पण तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या, त्या या लाइन्स. लोकलने रोज तिथे उतरणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि लाइन म्हणजे रूळ हा अर्थ पक्का झाला, आज 'सेंट्रल लाइनला राहतो' म्हटलं की मुंबईकराला अर्धा पत्ता कळतो. 'लाइन क्लिअर' हा तर खास रेल्वेचा शब्द, पुढच्या स्टेशनने मार्ग मोकळा आहे असं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि तोच शब्द पुढे कॉलेजच्या कट्ट्यावर कुठल्या अर्थाने चालतो ते मी सांगायला नको. मग तारेची लाइन, फोनची लाइन, विजेची लाइन. तार हीसुद्धा एक ताणलेली दोरीच ना, म्हणून शब्द बदलावा लागला नाही. शेतकरी मोटरच्या थ्री फेज करंटसाठी रात्री दोनला उठून 'लाइन आली, मोटर चालू कर' म्हणतो तेव्हा त्याच दोरीतून करंट येत असतो. ऑनलाइन हा शब्दही तिथलाच, मशीन थेट लाइनला जोडलेलं.

काही अर्थ मात्र अंगावर येतात. डेडलाइन हा शब्द आपण ऑफिसात दिवसातून दहा वेळा वापरतो, तो अमेरिकन यादवी युद्धातल्या कैद्यांच्या छावण्यांतून आलाय. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला १८६४ मध्ये अशीच एक छावणी उभी राहिली, बाहेरच्या भिंतीच्या आत काही फुटांवर हलक्या लाकडी दांड्यांचं कुंपण होतं, ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालायचे. तीच डेड लाइन. त्या छावणीत सुमारे ४५,००० कैदी येऊन गेले आणि जवळपास १३,००० मेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. युद्धानंतर छावणीच्या प्रमुखाला, हेन्री वर्झला, १० नोव्हेंबर १८६५ ला फाशी दिली. वर्तमानपत्रवाल्यांनी वेळेची मर्यादा म्हणून हा शब्द उचलला तो विसाव्या शतकात.

नकाशावरच्या लाइन्स पण तशाच. अफगाणिस्तानकडची ड्युरँड १८९३ ची, तिबेटकडची मॅकमहोन १९१४ ची, आणि फाळणीची रॅडक्लिफ. ती आखणारा इंग्रज वकील सिरिल रॅडक्लिफ त्याआधी भारतात कधी आलेलाही नव्हता, जुलै १९४७ मध्ये आला, पाचेक आठवड्यांत पंजाब आणि बंगाल कापून दिले आणि ती रेघ जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. जमीन मोजायची दोरी निदान मातीला टेकायची, ही रेघ कागदावरच आखली गेली.

असेंब्ली लाइनची गोष्ट मला फार आवडते. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात जेव्हा गाडी हलवत हलवत जोडायचा पहिला प्रयोग केला तेव्हा चाकांवरचा सांगाडा ओढायला काय होतं, तर दोरखंड आणि रहाट! लाइन इथे पुन्हा दोरीवर येऊन पोचली.

आणि आपलं सूत बघा. सूत म्हणजे धागा, सुतासारखा सरळ म्हणजे अगदी सरळ, सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, सूत्र म्हणजे नेमकं सांगणारी छोटी ओळ, सुतार हा शब्द सूत्रधारावरून, आणि दोघांचं जमलं की सूत जुळलं. युरोपात जवसाच्या धाग्याने जो प्रवास केला जवळपास तोच आपल्या सुताने इथे स्वतंत्रपणे केलाय, कुणी कुणाचं बघून नाही.

आमचा गवंडी त्या दोरीला लाइनदोरी म्हणायचा, हार्डवेअरच्या दुकानातही याच नावाने मिळते. अर्थ लावत गेलं तर दोरी-दोरी. त्याच्याकडची पिवळ्या नायलॉनची होती, जवसाचा एक तंतू नसलेली, पण भिंत ओळंब्यात आली.