कर्मचारी प्रोत्साहन : नागपुरातील प्रथा आणि पद्धती

कर्मचारी प्रोत्साहन : कर्मचाऱ्याने कामावर टिकावे, मन लावून काम करावे आणि त्या कामाची दखल घेतली जावी, यासाठी कंपनी ठरल्या पगारापलीकडे जे देते किंवा करते ते सर्व. बोनस, हजेरी बक्षीस, उत्पादनावरचा इन्सेन्टिव्ह, बढती, प्रशिक्षण, कुटुंबाचा आरोग्य विमा, कंपनीचे समभाग आणि चारचौघांत केलेले कौतुक हे सगळे त्यात मोडते. हिंगणा, बुटीबोरी आणि मिहान या औद्योगिक पट्ट्यांमुळे नागपुरात आज लेथवरच्या ऑपरेटरपासून सॉफ्टवेअर इंजिनिअरपर्यंत सगळ्या तऱ्हेचे नोकरदार आहेत. पण या शहराचे या विषयाशी नाते त्याहून बरेच जुने आहे.

एम्प्रेस मिल

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणी एम्प्रेस मिल झाली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी होता, रेल्वे होती. अडचण होती ती हजेरीची. चार पैसे गाठीला लागले की कामगार काही दिवस गिरणीकडे फिरकत नसे, आणि मुंबईच्या तुलनेत इथली गैरहजेरी पुष्कळच जास्त होती.

त्या काळातल्या गिरण्यांमध्ये यावर दंड किंवा कामावरून काढणे हाच सर्रास उपाय असे. जमशेटजी आणि रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी वेगळी वाट धरली. गिरणीत हवा खेळती राहील आणि दमटपणा नियंत्रणात राहील अशी यंत्रणा बसवली, आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे लावले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, १८९५ मध्ये अपघात भरपाई आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. खेळांच्या स्पर्धा आणि बक्षीस समारंभही होत.

देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये. म्हणजे एका बाबतीत ही गिरणी कायद्याच्या २८ वर्षे पुढे होती, दुसऱ्या बाबतीत ५१ वर्षे. या योजनांमागचा विचार आजही समजून घेण्यासारखा आहे. गैरहजर राहिल्याची शिक्षा देण्याऐवजी टिकून राहिल्याचा फायदा वाढवला, आणि तो फायदा कामगाराच्या म्हातारपणापर्यंत, त्याच्या घरापर्यंत पोचवला. नंतर ही गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. तिथे हिंडणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते की आपल्या पगारपत्रकातल्या पीएफच्या रकान्याची एक मोठी सुरुवात याच जागेवर झाली.

बोनस : खुशीपासून हक्कापर्यंत

भारतात बोनसची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत झाली. नफा भरमसाट वाढला होता आणि महागाईही. १९१७ मध्ये गिरणीमालकांनी पगाराच्या १० टक्के आणि पुढच्या वर्षी १५ टक्के युद्ध बोनस दिला. तो मालकाच्या खुशीचा भाग होता. ही खुशी पुढच्या काळात संप, लवाद आणि न्यायालये यांतून हक्क बनली. १९५० मध्ये श्रमिक अपील न्यायाधिकरणाने नफ्यातील वाटा मोजण्याचे सूत्र ठरवले, १९६१ मध्ये म. र. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनस प्रदान अधिनियम आला.

या कायद्यानुसार वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो, कंपनी तोट्यात असली तरी. कमाल मर्यादा २० टक्के. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, सरळ भाषेत एक पगार. २०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये झाली आणि हिशेबासाठी ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांतले जे जास्त असेल ते धरायचे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला आहे. किमान आणि कमाल टक्केवारी तीच राहिली.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या बाजारात जी गर्दी दिसते, तिच्यात या पैशाचा मोठा हात असतो. कोल इंडियाची उपकंपनी असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. कोल इंडियाच्या बिगरअधिकारी कामगारांना दसऱ्याआधी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये ७६,५०० रुपये होती, २०२३ मध्ये ८५,००० आणि २०२४ मध्ये ९३,७५०. कागदोपत्री तिचे नाव कामगिरीशी जोडलेले बक्षीस असे असले तरी ती हजेरीच्या प्रमाणात सर्वांना सारखीच मिळते. संघटना आणि व्यवस्थापन यांच्या बैठकीत आकडा ठरतो आणि ठरेपर्यंत खाण-वसाहतींत दुसरा विषय नसतो. रेल्वेच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना गेली अनेक वर्षे ७८ दिवसांच्या वेतनाइतका उत्पादकता बोनस मिळतो, पण हिशेब महिना ७,००० रुपये वेतन धरून होत असल्याने तो १७,९५१ रुपयांवर थांबतो.

दरवर्षी मिळणाऱ्या बोनसने कोणी जास्त काम करत नाही, ही व्यवस्थापनाची नेहमीची तक्रार. ती खरी आहे, पण तिचा अर्थ बोनस वाया जातो असा नाही. मुलांचे कपडे, घराची रंगरंगोटी, राहिलेली उसनवारी यांचा हिशेब या पैशावर आधीच मांडलेला असतो. तो वेळेवर आला तर कोणी खास आनंद व्यक्त करणार नाही. लांबला तर मात्र पुढचे सहा महिने खात्यातले वातावरण बिघडते.

पैसा कुठवर चालतो

हाच अनुभव मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सिद्धांताच्या रूपात मांडला. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींतून त्यांना दिसले की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी कमी पडल्या तर असंतोष होतो, पण त्या पुरेशा असल्या म्हणून उमेद येतेच असे नाही. उमेद येते ती काम जमल्याच्या समाधानाने, जबाबदारीने, दखल घेतली गेल्याने. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये त्यात भर घातली, की माणूस आपला मोबदला एकट्याने मोजत नाही, शेजारच्याशी ताडून पाहतो. एकाच मशीनवरच्या दोघांना वेगवेगळी पगारवाढ मिळाली आणि कारण कोणी सांगितले नाही, तर ज्याला कमी मिळाली तो नाराज होतोच, आणि ज्याला जास्त मिळाली त्यालाही आपण नेमके काय चांगले केले ते कळत नाही.

१९७३ चा एक प्रयोग व्यवस्थापकांनी जरूर लक्षात ठेवावा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच बक्षिसाचे आश्वासन दिले. पुढे त्या मुलांची चित्रे काढण्याची आवड घटली. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळाले, त्यांची घटली नाही. ज्या कामात माणसाचा जीव आहे, तिथे ‘हे केलेस तर इतके देऊ’ ही भाषा जपून वापरावी लागते.

हजेरी बक्षीस, टार्गेट आणि सुरक्षितता

कारखान्यांतली सर्वांत नेहमीची योजना म्हणजे हजेरी बक्षीस. महिनाभर एकही खाडा नाही तर पगारात ठरलेली रक्कम जास्त. राबवायला सोपी, म्हणून लोकप्रिय. तिचा दोषही तिच्या सोपेपणातच आहे. महिन्याच्या चोविसाव्या तारखेला ताप आला तर कामगार गोळी घेऊन सेकंड शिफ्टला येतो, कारण एका दिवसासाठी सगळी रक्कम जाणार असते. उलट तिसऱ्याच तारखेला एक खाडा पडला, की उरलेल्या महिन्यात हजर राहण्याला काही बक्षीस उरत नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होईल अशी ठेवली आणि दाखल्यासह आजारपण वगळले, तर दोन्ही अडचणी पुष्कळ हलक्या होतात.

नगावर मजुरी ही त्याहून जुनी पद्धत. पूर्व विदर्भातल्या बीडी कामगारांची मजुरी आजही हजार बीड्यांमागे मोजली जाते. केलेले काम आणि मिळणारा पैसा यांचा संबंध इथे अगदी उघड असतो. पण खराब म्हणून बाजूला काढलेल्या मालाचा निर्णय एकट्या देणाऱ्याच्या हाती असला, तर त्या उघडपणाला अर्थ उरत नाही. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या खात्यात, नगांच्या टार्गेटला पैसे जोडले, की मशीनचे सुरक्षा गार्ड काढून हात चालवण्याचा मोह होतो. अपघात न झालेल्या दिवसांवर बक्षीस ठेवले, की लहान जखमा लपवल्या जातात. बोटाला चिंधी बांधून कामगार काम करत राहतो आणि फलकावरचा आकडा वाढत राहतो. अपघात किती झाले यापेक्षा धोके किती दाखवून दिले यावर बक्षीस द्यावे, ते जास्त शहाणपणाचे.

सुधारणा सुचवण्याच्या योजना, म्हणजे कारखान्यांत रुळलेले कायझेन, यात रक्कम बहुधा किरकोळ असते. तरी त्या चालतात, कारण कामगाराने सुचवलेला स्टँड किंवा जिग (काम धरून ठेवणारा साचा) दुसऱ्या दिवसापासून लाइनवर दिसतो. सूचनापेटीतल्या चिठ्ठीला महिनोन्महिने उत्तर मिळाले नाही, की पेटी रिकामी पडायला लागते. सूचना नाकारली तरी कारण सांगितले पाहिजे.

नागपुरात काय लागू पडते

इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली कूलर, थंड पाणी, ताक आणि शिफ्टच्या वेळेत बदल यांना कोणी प्रोत्साहन योजना म्हणत नाही. पण मे महिन्यातल्या हजेरीवर त्यांचा परिणाम भिंतीवरच्या ‘उत्कृष्ट कर्मचारी’च्या फोटोपेक्षा नक्कीच जास्त होतो. बुटीबोरी शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथे कंपनीची बस हा पगाराइतकाच महत्त्वाचा मुद्दा असतो, आणि रात्रपाळीतल्या महिलांसाठी तर त्याहून मोठा. मेट्रो मिहानच्या बाजूला खापरीपर्यंत आणि हिंगणा मार्गावर लोकमान्य नगरपर्यंत पोचल्याने काही भागांतली दगदग कमी झाली आहे.

सणांचे भानही लागते. खंडेनवमीला ऑपरेटर आपले मशीन घासूनपुसून त्याला हळद-कुंकू आणि झेंडूचा हार घालतो. त्या दिवशी मालक शॉप फ्लोअरवर येऊन प्रत्येकाशी दोन शब्द बोलला, तर ते लक्षात राहते. त्याच सुमारास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा असतो. शहरातल्या फार मोठ्या कामगारवर्गासाठी तो वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्याची रजा आणि उत्सव-अग्रिम (सणासाठीची उचल) आनाकानी न करता मिळणे ही साधी गोष्ट आहे, पण कंपनी आपल्याला ओळखते की नाही हे त्यावरून कळते.

मिहानमधल्या आयटी कंपन्यांपुढचा प्रश्न निराळा. तिथली स्पर्धा पुणे-बंगळूरशी असते. आईवडील नागपुरात आहेत, घर आहे, म्हणून पुष्कळ तरुण थोड्या कमी पगारावरही परत येतात. पण महत्त्वाचे प्रकल्प आणि बढत्या मोठ्या शहरांतच राहिल्या, तर दोन-तीन वर्षांत ते पुन्हा निघतात. इथे चांगले काम आणि वरची जागा इथेच मिळणे हेच खरे प्रोत्साहन. काही कंपन्या समभाग पर्यायही देतात. ठरावीक वर्षे थांबल्यावर ठरलेल्या किमतीला शेअर घेता येतात आणि घेतेवेळी बाजारभावातला फरक पगाराचा भाग समजून त्यावर कर लागतो. हे आधी नीट समजावून सांगितले नाही, तर बक्षीस हातात येताना कराचा धक्का बसतो.

ठेकेदारी कामगार

औद्योगिक वसाहतींतले बरेच काम ठेकेदाराच्या माणसांकडून होते आणि प्रोत्साहनाच्या बहुतेक योजना कंपनीच्या पर्मनंट कर्मचाऱ्यांपुरत्याच आखलेल्या असतात. दिवाळीला एकाच लाइनवरच्या दोघांपैकी एकाच्या हातात मिठाईचा मोठा खोका असतो, दुसऱ्याच्या हातात काही नसते. वास्तविक १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत, सारखेच काम असेल तर वेतनही सारखे, अशी अट घातली होती. बोनसचा हक्कही ठेकेदाराच्या कामगाराला आहेच. ज्या कंपन्या ठेकेदाराच्या बिलासोबत पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि बोनस भरल्याचे पुरावे मागतात, कँटीन आणि बस सर्वांना एकच ठेवतात आणि पर्मनंट जागा निघाल्यावर आधी या माणसांचा विचार करतात, त्यांच्याकडे नवा माणूस शिकवून तयार करण्याचा खर्च कमी होतो.