वऱ्हाडीतला 'ले' : चतुर्थी विभक्तीची पार्श्वभूमी

'सालदारानं बैलाले ढेप देल्ली.' ढेपेऐवजी कुटार टाकलं तर 'देल्लं', कडबा टाकला तर 'देल्ला'. क्रियापद चाऱ्यामागं फिरतं, बैलाकडं ढुंकूनही पाहत नाही. चारा हे प्रत्यक्ष कर्म, बैल अप्रत्यक्ष.

अडचण 'बैलाले मारलं' इथं येते. 'ले' तोच, पण आता बैल प्रत्यक्ष कर्म आहे. शाळेच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींपुढं 'स, ला, ते' छापलेलं असतं, त्यामुळं प्रत्यय पाहून विभक्ती ओळखणारा इथं हमखास फसतो. 'ले' काढून पाहावा. 'बैल मारला' चालतं. 'बैल ढेप देल्ली' कोणी बोलत नाही. दोन्ही कर्मं माणसं असली की घोळ आणखी वाढतो. 'पोरीले मावशीले दाखवलं' यात कोण कोणाला दाखवलं? म्हणून बोलणारा प्रत्यक्ष कर्माचा 'ले' सोडून 'पोरगी मावशीले दाखवली' म्हणतो.

हा तक्ता संस्कृतच्या आठ विभक्त्यांवर बेतलेला आहे. पाणिनीनं मात्र रूप आणि काम वेगळं ठेवलं होतं. कर्माच्या द्वारे कर्ता ज्याला गाठू पाहतो, म्हणजे ढेप ज्याला द्यायची तो बैल, ते 'संप्रदान', आणि त्याला चतुर्थी. पुढच्याच सूत्रात आवडणं या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला आवडतं तोही संप्रदान ठरतो. 'मले झुणका आवडते' यातला 'मले' तोच. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याकडच्या तेलुगूतही भूक लागलेला माणूस 'नाकु', म्हणजे 'मला', असंच बोलतो.

प्राकृतात चतुर्थीची स्वतंत्र रूपं गळाली आणि तिचं काम षष्ठीनं उचललं. बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्रानं तसा नियमच दिला. मराठीतला 'स' हा त्या षष्ठीच्या 'स्स'चा अवशेष, असं अनेक अभ्यासक मानतात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या महानुभाव गद्यात, तेराव्या शतकात, 'गोसावीयांसि' पानोपानी भेटतं. त्याच्या शेजारी त्याच कामाचे 'तें' आणि 'लागीं' होतेच. इंग्रजीचेही असेच प्रत्यय झिजले, तिथं शब्दक्रमानं आणि शब्दयोगी अव्ययांनी काम सांभाळलं.

'ला' आणि 'ले' कुठून आले यावर एकमत नाही. 'लग्' धातूपासूनच्या 'लागीं'कडं बोट दाखवणारा पक्ष मोठा आहे. पण 'ले' म्हणजे बिघडलेला 'ला', हे मास्तरी मत टिकत नाही. खानदेशात अहिराणीतही 'ले' आहे, नेपाळीत 'लाई', आणि गोंदियालगतच्या छत्तीसगढीत 'मोला, तोला'. ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठी खंडात (1905) वऱ्हाडचा 'ले' नोंदला गेला, तोही बोलीचा नेहमीचा प्रत्यय म्हणून.

हेमचंद्रानं एक अपवाद ठेवला होता: 'त्यासाठी' या अर्थी एकवचनात जुनी चतुर्थी विकल्पानं चालते. वऱ्हाडीत तेच काम आज 'ले' करतो. 'बाया कापूस वेचाले गेल्या' यात 'वेचाले' हे अप्रत्यक्ष कर्म नाही, हेतू आहे. वाक्याला प्रश्न विचारून पाहावा. उत्तर 'कोणाले?'ला आलं आणि 'ले' काढता येत नसेल तर संप्रदान, 'कायले?'ला आलं तर हेतू.