दगडी क्रेफिश ओळखायचा कसा? आधी डोळ्यामागे बघा

बडोद्यात ॲक्वेरियमच्या दुकानात टाकीत निळाशार नांग्यावाला प्राणी दिसला की मुलं तिथून हलत नाहीत, तो असतो गोड्या पाण्यातला क्रेफिश, आणि भारतात मूळचा क्रेफिश एकही नाही. आपल्याकडे भरुचजवळ नर्मदेत मिळते ती मोठी कोळंबी. तिच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्यांना नांग्या असतात आणि त्यातली दुसरी जोडी लांबलचक, क्रेफिशच्या मात्र पहिल्या तीन जोड्यांना नांग्या आणि पहिली जोडी एकदम दांडगी. एवढं पाहिलं तरी घोटाळा होत नाही.

खरी कसरत पुढे आहे, कुठली जात ते ठरवायचं. मध्य आणि आग्नेय युरोपात डोंगरातल्या थंड, स्वच्छ ओढ्यांमध्ये दगडाखाली एक छोटा क्रेफिश राहतो, साधारण 10 सेंमीपर्यंत वाढणारा, शास्त्रीय नाव ऑस्ट्रोपोटॅमोबियस टोरेंटियम, आपण त्याला दगडी क्रेफिश म्हणू. निसर्गशास्त्रज्ञ श्रांक यांनी 1803 मध्ये त्याचं वर्णन केलं. रंगावर अजिबात जाऊ नका, कारण एकाच जातीत तपकिरी, राखाडी आणि क्वचित निळेसुद्धा निघतात. डोळ्यामागे कवचावर उंचवटा असतो तो बघायचा: दगडी क्रेफिशला दोन्ही बाजूंना एकेकच, युरोपातल्या मोठ्या नोबल क्रेफिशला दोन-दोन, शिवाय नोबलच्या नांग्या खालून लाल. पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश दगडीचा अगदी जवळचा भाऊ, त्यालाही एकच उंचवटा, मग पाठीवरच्या आडव्या खाचेमागे बोट फिरवायचं, काटे लागले तर तो पांढऱ्या नांग्यांचा, नाही लागले तर दगडी. नांगीच्या सांध्याजवळ पांढरट-निळसर डाग असेल तर तो अमेरिकेतून आणलेला सिग्नल क्रेफिश.

हा पाहुणा ओळखणं फार गरजेचं आहे, कारण अमेरिकन जाती क्रेफिश प्लेगचा बुरशीसारखा जंतू अंगावर बाळगतात, त्यांना सहसा काही होत नाही, पण युरोपातले क्रेफिश ओढेच्या ओढे मरतात. 1860 च्या सुमारास इटलीत ही साथ आली. ओल्या बुटांवरून, जाळ्यावरूनही जंतू पुढच्या ओढ्यात जातो, म्हणून अभ्यासक सगळं सामान निर्जंतुक करून, कडकडीत वाळवूनच दुसरीकडे जातात.

आणि मार्बल्ड क्रेफिश तर सगळ्या माद्याच, नर लागतच नाही, एकटीच पिल्लं देते! 1990 च्या दशकात जर्मनीतल्या ॲक्वेरियममध्ये ती लक्षात आली आणि आज मादागास्करच्या भातखाचरांत पसरली आहे. म्हणून घरातली टाकी आवरायची असेल तर क्रेफिश दुकानदाराला परत द्या, विश्वामित्री नदीत किंवा सूरसागर तलावात एकही सोडू नका.