स्कॉट-फ्री

गुन्हा किंवा आगळीक करूनही शिक्षा, दंड किंवा तोशीस न लागता सहीसलामत सुटणे, या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग. ‘गेट ऑफ स्कॉट-फ्री’, ‘गो स्कॉट-फ्री’ अशा रूपांत तो येतो. मराठीतले ‘मोकाट सुटणे’ आणि ‘नामानिराळा राहणे’ त्याच्या जवळपास जातात. स्कॉटलंडशी किंवा स्कॉटिश माणसाच्या कथित चिक्कूपणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

यातला ‘स्कॉट’ म्हणजे पट्टी, घरपट्टी-पाणीपट्टीतली पट्टी. सगळ्यांनी मिळून भरायच्या रकमेतला आपापला वाटा. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्कोत’शी त्याचे नाते आहे आणि ‘शूट’ हा इंग्रजी शब्दही याच कुळातला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पट्ट्यांना तोटा नव्हता: पोपकडे जाणारी ‘रोम-स्कॉट’, मृताच्या आत्म्यासाठी चर्चला द्यायची ‘सोल-स्कॉट’. सर्वांत जाचक ‘स्कॉटेल’. राजाच्या वनातले अधिकारी दारूचा बेत ठरवत आणि रयतेने तिथे जाऊन पैसे मोजायचे, प्यायची इच्छा असो वा नसो. १२१७ च्या वनसनदेने वनाधिकाऱ्यांना या वसुलीची मनाई केली. ज्याला अशी पट्टी माफ, तो स्कॉट-फ्री. तेव्हा त्यात गुन्ह्याचा वासही नव्हता.

केंट परगण्यातल्या रॉम्नी मार्शमध्ये ही पट्टी डोळ्यांनी दिसावी इतकी ठोस होती. समुद्राला बांध घालून राखलेली ही सखल जमीन. बांध आणि चर यांच्या दुरुस्तीसाठी तिथल्या जमीनधारकांकडून ‘स्कॉट’ गोळा होई. उंचावर, पाण्याच्या आवाक्याबाहेर जमीन असलेल्यांना ती लागू नसे. शब्दप्रयोग इथेच जन्मला, असेही सांगतात. पण पट्टी देशभर होती, तेव्हा एकाच दलदलीला हे श्रेय देण्याचे कारण नाही.

पट्टी भरणे हा नुसता भुर्दंडही नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी वेस्टमिन्स्टरसारख्या काही मतदारसंघांत ‘स्कॉट अँड लॉट’, म्हणजे स्थानिक कर, भरणाऱ्या पुरुषालाच संसदेच्या निवडणुकीत मत देता येई.

‘स्कॉट’चाच जुळा उच्चार ‘शॉट’, म्हणजे गुत्त्यातले बिल. शेक्सपिअरने ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागात त्यावर मजेदार कोटी केली आहे. श्रूझबरीच्या रणांगणावर, मारल्या गेलेल्या सर वॉल्टर ब्लंट या सरदाराच्या प्रेताजवळ उभा राहून फॉल्स्टाफ हा नाटकातला पियक्कड, उधारखोर सरदार म्हणतो की लंडनमध्ये मी ‘शॉट-फ्री’ निसटत होतो, इथल्या ‘शॉट’ची मात्र धास्ती वाटते. तिथला शॉट उधारीचा, इथला बंदुकीचा. पुढे तो म्हणतो, इथे (गुत्त्यातल्या उधारीसारख्या) हिशेबाच्या रेघा थेट टाळक्यावरच उमटतात. पैसे बुडवून पसार होणे आणि जिवानिशी वाचणे, हे दोन्ही अर्थ एका वाक्यात बसवणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

अमेरिकेत ही व्युत्पत्ती कधीकधी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या नावाशी जोडतात. शब्द त्याच्या कित्येक शतके आधीचा, शिवाय स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढवलेला खटला ड्रेड स्कॉट १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला होता.

भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांना हा शब्द विशेष प्रिय. आरोपी सुटला की मथळ्यात तो हमखास येतो, पण तो वापरणारा आरोपीला मनातल्या मनात दोषी ठरवून मोकळा झालेला असतो. पुराव्यांती निर्दोष ठरलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘अक्विटेड’ हाच शब्द योग्य.