केसपेपर कोणासाठी लिहिला जातो? खान्देशातल्या रुग्णालयीन नोंदींची पार्श्वभूमी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खान्देशातल्या माणसांच्या आजारांवर खान्देशातच संशोधन व्हावे, ही जुनी गरज त्यामुळे आवाक्यात आली आहे. अशा संशोधनासाठी सगळ्यात हाताशी असतात त्या रुग्णालयाच्या रोजच्या नोंदी: आयपीडी म्हणजे दाखल रुग्णांचे रजिस्टर, डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचे प्रमाणपत्र, सरकारी आरोग्य योजनेतून पैसे मागणारा क्लेम. हजारो रुग्णांची माहिती एका जागी, तीही फारसा खर्च न करता मिळते. पण यातला एकही कागद संशोधकासाठी लिहिलेला नाही. तो कोणाच्या गरजेतून सुरू झाला हे पाहिले, की त्यातल्या कोणत्या रकान्यावर किती भरवसा ठेवायचा याचा बराच उलगडा होतो.

१९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता; नंतर त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. इंग्रजी अमलात गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद पाटील-कोतवालांमार्फत होई. तीच कोतवाल बुके आज लोक जातीच्या दाखल्यासाठी शोधत असतात आणि मोडी वाचणारा गाठत असतात. सरकारी अहवालांत मृत्यूच्या कारणांचे वर्ग मोजकेच होते: पटकी (कॉलरा), देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर, १८९६ च्या साथीनंतर प्लेगही आला. साथ कुठे उठली हे सरकारला कळायला हवे होते, बाकी तपशिलाची त्याला निकड नव्हती. पटकी किंवा देवी गावातला कोणीही ओळखत असे, म्हणून ते आकडे बरेच विश्वासाचे. ‘ताप’ या वर्गात मात्र हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतज्वर असे सगळेच एकत्र पडत. त्यावरून जुन्या खान्देशातल्या हिवतापाचा अंदाज बांधायला जाणाऱ्याने फार जपून पावले टाकावीत.

आजारांच्या वर्गीकरणाचे काम तोवर युरोपात सुरू झाले होते. १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची सहावी आवृत्ती काढली, तेव्हा मृत्यूबरोबर आजारांनाही त्यात जागा मिळाली. आज रुग्णालयांत प्रत्येक आजारासाठी वापरले जाणारे आयसीडी कोड त्याच यादीचे वारस आहेत.

आपल्याकडे खरा बदल घडवला तो १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरने नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, भरायचा. त्यातल्या पहिल्या भागात तीन ओळी असतात: वर मृत्यूचे लगतचे कारण, खाली ते कशामुळे झाले, आणि सगळ्यात खाली मूळ आजार. संशोधनाला हवी असते ती ही शेवटची ओळ. आता रावेरकडचा एक शेतकरी धरू. वर्षानुवर्षे मधुमेह, पायाला जखम, तिचे गँगरीन, मग रक्तात जंतुसंसर्ग आणि मृत्यू. खालच्या ओळीत मधुमेह यायला हवा. पण रात्रीची वेळ, ड्युटीवर नवखा डॉक्टर, बाहेर नातेवाईक गाडी लावून थांबलेले. पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिले जाते आणि खालच्या दोन्ही ओळी कोऱ्या राहतात. हृदय आणि श्वास तर प्रत्येक मरणाऱ्याचेच थांबतात. त्या एका नोंदीत मधुमेहाचा एक बळी जिल्ह्याच्या आकड्यांतून पुसला गेला. शिवाय असे प्रमाणपत्र असणे हेच अजून अपवादात्मक आहे: २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते.

काही नोंदी पोलिसांच्या सावलीत लिहिल्या जातात. कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात आणि केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचा, शिक्का बसतो. फवारताना विष चढले की हेतूने घेतले, यानुसार आयसीडी-१० मध्ये कोड बदलतो: अपघाती असेल तर एक्स ४८, हेतूने असेल तर एक्स ६८, ठरवता येत नसेल तर वाय १८. पण आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. घरचे ‘चुकून झाले’ सांगतात आणि डॉक्टर तेच लिहितो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते घर त्या क्षणी वेगळ्याच संकटात असते. मात्र राष्ट्रीय पातळीवर याचा परिणाम दिसतो. २०१० साली पोलिसांच्या नोंदींवरून देशात सुमारे १ लाख ३४ हजार आत्महत्या मोजल्या गेल्या. घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’चा त्याच वर्षाचा अंदाज सुमारे १ लाख ८७ हजार होता. त्याच पाहणीने २००५ साठी सर्पदंशाच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे ४६ हजार दिला. रुग्णालयांचे आकडे त्याच्या कितीतरी मागे होते. दंश झालेला माणूस दवाखान्याच्या दारात पोचलाच नाही, तर रजिस्टर कितीही नीट ठेवले तरी तो त्यात येणार नाही. सातपुड्यातल्या पाड्यांबाबत हे विसरून चालत नाही.

मग पैशाचा टप्पा आला. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर ही मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना रुग्णालयांना निदानगटानुसार ठरलेली रक्कम देऊ लागली. त्याआधीच, १९८१ मध्ये, डोनाल्ड सिम्बोर्ग या अमेरिकी डॉक्टरांनी इशारा दिला होता की दर कोडवर ठरला की रुग्णालयांचे कोड हळूहळू महागड्या आजारांकडे सरकतील. आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. धुळे त्या आठांत होते. पुढे ती राज्यभर गेली आणि महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली. अँजिओप्लास्टी झाली का, कोणत्या तारखेला, हे क्लेममध्ये चांगले सापडते, कारण पुरावे जोडल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. रुग्णाला सोबत दमा होता का, तो तंबाखू खात होता का, यावर पैसे अडत नाहीत, म्हणून ते सुटून जाते. ओळख पटवणारी माहितीही तपासूनच घ्यावी: आयुष्मान भारत योजनेच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले असल्याचे कॅगने २०२३ मध्ये दाखवले.

खान्देशात यात दोन गोष्टींची भर पडते. धडगावचा रुग्ण नंदुरबारला, तिथून धुळ्याला किंवा थेट सुरतला जातो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवा क्रमांक. एका माणसाचे तीन रुग्ण होतात आणि शेवट गुजरातच्या आकड्यांत जातो. दुसरे म्हणजे, आता आशा नाही असे कळले की घरचे रुग्णाला गावी नेतात. घरच्या अंगणात शेवट व्हावा ही इच्छा मी पूर्ण समजू शकतो. पण कागदावर ती ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ होते आणि रुग्णालयाचा मृत्यूदर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. २०२१ मध्ये देशभर आलेला आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा एकच आरोग्य ओळख क्रमांक, पहिल्या अडचणीवर उपाय ठरू शकतो, दुसरीवर नाही.

म्हणून नोंदींवर आधारलेल्या प्रत्येक अभ्यासाने आधी नोंदीच तपासाव्यात, असे माझे ठाम मत आहे. काही केसपेपर चिठ्ठ्या टाकून निवडावेत. कोड न पाहता डॉक्टरने ते वाचावेत आणि मग दोन प्रश्न सोडवावेत: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा कोड असलेल्यांपैकी खरोखर किती जणांना तो होता, आणि खऱ्या सिकलसेल रुग्णांपैकी किती जण ‘अशक्तपणा’ किंवा ‘अंगदुखी’ म्हणून नोंदले गेले? डेन्मार्कची राष्ट्रीय रुग्ण नोंदवही १९७७ पासून चालू आहे आणि तिच्यातल्या निदानांची अशी पडताळणी वेळोवेळी होत आली आहे. तिच्यावरच्या संशोधनाला वजन आहे ते त्यामुळेही. आपल्याकडे रेकॉर्ड विभागाला पुरेशी माणसे आणि कोडिंगचे प्रशिक्षण दिल्याशिवाय हे जमणारे नाही.

नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला द्यायचे आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही. खालच्या दोन ओळी कोऱ्या असतील तर ते आता घरच्यांनाही दिसेल आणि त्याबद्दल डॉक्टरला विचारता येईल.